तुसाचा आकडा

आमच्या साहेबांचं नाक पेण तालुक्यात प्रसिद्ध होतं असं मी म्हणालो तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ते पार अलिबागपर्यंत प्रसिद्ध होतं असं म्हणालो तर थोडीशी होईल, आणि ती मी करणार आहे. चिमणीतून धूर निघाला की तो कशाचा आहे हे त्या धुराला स्वतःला कळायच्या आत साहेबांना कळायचं. रोह्याला गाडी थांबली की ते डब्याच्या पायरीवरच उभे राहून एक लांब श्वास घ्यायचे आणि औद्योगिक वसाहतीची हजेरी घ्यायचे. ह्याने आज फर्नेस ऑइल जाळलंय. त्याचा कोळसा ओला आहे. तिसऱ्याचा बॉयलर थंड आहे, मालक मुंबईला गेला असणार. एकदा एका कारखान्याच्या गेटावर उभं राहून त्यांनी वॉचमनला सांगितलं की तुमच्या ऑइलमध्ये पाणी आहे, आणि तो निरोप आत पोचायच्या आधी बॉयलर विझला. तेव्हापासून तो वॉचमन त्यांना बुवा-महाराजांना करतात तसा वाकून नमस्कार करायचा.

ऑफिसात टायपिस्ट होती कुंदाताई, खाडीकडची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. ती म्हणायची, ह्या मानसापुढं डबा झाकून काय उपेग नाय. ती जिना चढत असतानाच वरून आवाज यायचा, "कुंदाताई, आज सुकट. आणि चुलीत तिवर." खाडीतल्या तिवराचं लाकूड चुलीत घातल्याचंसुद्धा त्यांना डब्याच्या वासावरून कळायचं. कुंदाताईने चिडून एकदा नुसती काकडी आणली. साहेब म्हणाले, "काकडी. कापली मात्र सुकटीच्या विळीवर."

आता हे नाक एका हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये कसं आलं ते सांगतो.

आमची फर्म मोठी. हिशेब तपासणं, कर वाचवणं, कंपन्यांना सल्ले देणं असा तिचा धंदा. मुंबईत तिचे मजलेच्या मजले होते आणि मुख्य कचेरी सातासमुद्रापलीकडे. नव्वदीच्या सुरुवातीला परदेशात कुठेसे सगळ्या देशांचे पुढारी जमले, पृथ्वी तापते आहे ह्यावर त्यांचं एकमत झालं आणि मंडळी जेवून घरी गेली. त्यानंतर आमच्या मुख्य कचेरीतून परिपत्रक आलं. प्रत्येक शाखेने आपल्या कामापायी किती कोळसा, तेल, वीज जळते ते पाहावं, ते कमी करावं, आणि क्लायंट कंपन्यांनाही कमी करायला शिकवावं. मुंबईत ते परिपत्रक नोटीस बोर्डावर लागलं. त्या हॉलमधला एसी इतका गार होता की टाचणी लावणाऱ्याचा हात थरथरत होता. बाकीच्यांनी त्यावर सह्या केल्या. आमच्या साहेबांनी ते वाचलं. सगळा घोटाळा तिथून झाला.

पुढचे काही महिने ते लिफ्टच्या दारात उभे राहून पहिल्या मजल्यावर जाणाऱ्यांना नावं विचारू लागले. एकाच गल्लीत राहणारे तीन पार्टनर एकाच मीटिंगला तीन गाड्यांतून का येतात, असं त्यांनी थोरल्या पार्टनरांना लेखी विचारलं. उत्तरात त्यांचे आभार मानले होते, आणि दुसरं काहीच नव्हतं. मग त्यांनी मागणी केली की रोह्याचे कारखाने आपले क्लायंट आहेत, तेव्हा त्या चिमण्यांच्या जवळपास मला एक छोटी शाखा द्या. फर्मने इतक्या तत्परतेने होकार दिला की तेवढी तत्परता मी त्या फर्ममध्ये पुन्हा पाहिली नाही.

अशी आमची पेणची शाखा निघाली. खाली गणपतीचा कारखाना, वर आम्ही. रंगकाम सुरू झालं की आमच्या ताळेबंदांवर गुलाबी झाक यायची, आणि आयकरवाले त्या कागदांना हात लावायच्या आधी चपला काढतात अशी गावात बोलवा होती. ती मीच उठवली होती.

साहेबांचा नियम एकच होता. कुठलीही गोष्ट करायच्या आधी स्वतःला विचारायचं, "मी नसतो, तर हे जळलं असतं का?" असतं, तर खुशाल वापरा. नसतं, तर पाप तुमचं. रेल्वे चालेल, कारण ती आपण नसलो तरी जाणारच. एसटी चालेल. भाड्याची गाडी नाही, कारण ती आपल्यासाठी हलते. चहा हवा असला तरी ते एकट्यासाठी मागवायचे नाहीत. खालच्या मूर्तिकारांनी आरोळी दिली की त्यात आपला कप मिसळायचे. दिवा लावायचा नाही म्हणून आमची टेबलं उन्हाबरोबर फिरायची. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी मधल्या खोलीत आणि उतरत्या उन्हात सगळं ऑफिस जिन्यावर. टाइपरायटर मांडीवर घेऊन कुंदाताई पायरीवर बसलेली, तिच्या वरच्या पायरीवर मी, आणि सर्वांत वर साहेब. कर भरायला आलेला माणूस खालून ओरडून विचारायचा, आणि उत्तर पायरी पायरीने खाली जायचं.

एकदा गाडी चुकली आणि रोह्याला तर पोचायचं होतं. खाली एक टेम्पो मूर्ती घेऊन तिकडेच निघाला होता. साहेब मागे चढले. मीही चढलो, न चढून सांगतो कोणाला. कारखान्याच्या गेटात टेम्पो शिरला तेव्हा दोन्ही बाजूंना गणपती, मधे मांडी घालून साहेब, डोक्यावर पेंढा. मॅनेजरने आधी नमस्कार केला आणि मग कोणाला केला ते पाहिलं.

हसण्यावारी नेलं तरी ह्या नियमाने माणूस विचारात पडायचा. मी नसतो, तर काय झालं असतं, हे असं रोज उठून स्वतःला विचारणं सोपं नाही. बहुतेकांना उत्तराची भीती वाटते.

साहेबांची एक इच्छा मात्र फार साधी होती. त्यांना पार्टनर व्हायचं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं पार्टनर झाली होती आणि साहेब अजून मॅनेजरच होते. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण मुंबईहून नव्या पार्टनरांची नावं आली की तो कागद टेबलासकट उन्हामागून फिरायचा.

आणि ती वेळ आली, भाताच्या तुसामुळे.

रोह्याची एक रसायनांची कंपनी आमचा सर्वांत मोठा क्लायंट. तिचा बॉयलर दिवसरात्र तेल प्यायचा. साहेब पेण-रोहा गाडीच्या खिडकीतून रोज पाहायचे की भातगिरण्यांच्या मागे तुसाचे डोंगर पडलेत. एका गिरणीवाल्याला त्यांनी विचारलं, ह्याचं काय करता. तो म्हणाला, "काय करणार? पडलंय. नेतो कोणीतरी." त्या कोणीतरीची पावती नव्हती, बिल नव्हतं, आणि आम्ही पडलो हिशेब तपासणारे. ज्याची पावती नाही तो माणूस आमच्या जगात जन्मालाच आलेला नसतो. साहेबांनी लिहिलं, तालुक्यातलं तूस वाया जातं. कंपनीने तुसावरचा बॉयलर बसवला. तेल बंद झालं. किती तेल वाचलं त्याचा आकडा काढला तो असा घसघशीत निघाला की मुंबईत लोकांनी तो उभं राहून वाचला म्हणतात.

थोरल्या पार्टनरांचा फोन आला. मुख्य कचेरीचा माणूस स्वतः रोहा बघायला येतोय, त्याच्यासमोर त्या आकड्यावर सही करा. आकडा फर्मच्या वार्षिक पुस्तकात छापला जाईल, देशातल्या सगळ्या भातपट्ट्यात हाच प्रयोग होईल, आणि नव्या पार्टनरांच्या यादीत यंदा तुमचं नाव नक्की. साहेबांनी फोन ठेवला आणि पेणच्या शिंप्याकडे जाऊन कोट शिवायला टाकला. माप द्यायला मी बरोबर होतो. शिंप्याने विचारलं, लग्नाचा का. साहेब लाजले. तेवढंच मी त्यांना लाजताना पाहिलं.

पाहुणा यायच्या आदल्या आठवड्यात आम्ही रोह्याला निघालो होतो. समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी कासूला थांबली. साहेब कोटाच्या बटणांबद्दल काही सांगत होते, ते मधेच थांबले. नाक वर झालं.

"ऐन," ते म्हणाले. "ओलं ऐनाचं लाकूड. जंगलातलं."

"असेल कोणाची चूल," मी म्हटलं.

"चूल नाही, भट्टी आहे." आणि ते उतरले. गाडी सुटली, आमच्याशिवाय. रेल्वेबद्दल साहेबांची कधी तक्रार नसायची, पण त्या दिवशी मी केली असती.

शेतं ओलांडून वीटभट्टीवर पोचलो. मालक होता धर्माशेठ, लुंगीवाला, पोटावर बनियन वर सरकलेला, आणि आवाज असा की भट्टीतल्या विटा त्यानेच भाजत असाव्यात. भट्टीच्या तोंडाशी ओंडके रचले होते, साली अजून हिरव्या. साहेबांनी विचारलं, लाकूड का जाळता.

"मंग काय जालू?" धर्माशेठ म्हणाला. "तूस व्हतं तवा तूसच जालत व्हतो. गिरणीवाला बोलायचा, अंगण साफ करून न्या, पैसं नको. आमचा बापूस न्यायचा, मी न्यायचो. आता सगलं तूस ट्रक भरून रोह्याला जातंय. कोन शाना आला मुंबैवरना, त्यानं कंपनीला सांगितलं का हितं तूस फुकट पडलंय."

मी ओंडके मोजण्याचं सोंग केलं. साहेब म्हणाले, "तो मी."

धर्माशेठने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं आणि खो खो हसला. त्याला राग वगैरे काही आला नाही. उलट म्हणाला, मंग बरंच झालं, तुमच्या वलखीनं दोन ट्रक इकडं वलवा. मग आवाज उतरवून, म्हणजे फक्त पुढच्या शेतापर्यंत ऐकू जाईल इतका करून, म्हणाला, "ह्यो डोंगरावरचा माल हाय, सायब. फॉरेस्टवाल्यांच्या कानावं जाऊ देऊ नका. मागल्या टायमाला माझ्या भावाला उचलला व्हता, पार घर बसलं त्याचं."

साहेब म्हणाले, "नाही सांगणार." मग त्यांनी विचारलं, "मी तूस नेलं नसतं, तर ही झाडं उभी असती?"

"व्हय," धर्माशेठ म्हणाला. "हे काय इचारनं झालं?"

परतीच्या गाडीला अवकाश होता. कासूच्या फलाटावर आम्ही बसलो. रुळांच्या दोन्ही बाजूंना अशा किती भट्ट्या धूर ओकत होत्या हे आता मलासुद्धा दिसत होतं. नाक लागत नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही काय कराल. मी त्यांना फार चांगला सल्ला दिला, आजही तो चांगलाच वाटतो. गप्प राहा. आकडा खोटा नाही, तेल खरंच वाचलंय. भट्ट्यांचं कोणी विचारणार नाही, कारण भट्ट्या कोणाला ठाऊकच नाहीत. आधी पार्टनर व्हा, मग त्या खुर्चीत बसून सगळं नीट करा.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

त्या आठवड्यात आमची टेबलं हलली नाहीत. ऊन जिन्यावर जायचं आणि आम्ही मधल्या खोलीत अंधारात बसलेलो. शेवटी कुंदाताईने उठून दिवा लावला. ती त्यांच्याकडे पाहत बटणापाशी थोडी थांबली. साहेबांनी मान वर केली नाही. मला ती म्हणाली, "यांचं काय बिनसलंय रं? आज सुकट आनली तरी बोलले नाय."

ठरल्या दिवशी रोह्याला कंपनीच्या गेस्ट हाउसात सगळे जमले. मुख्य कचेरीचा पाहुणा, उंच, शांत, प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा. थोरले पार्टनर, मुंबईहून गाडीतून आलेले. कंपनीचा मॅनेजर. आणि नव्या कोटात साहेब. बॉयलर दाखवून झाला, काजू खाऊन झाले, आकड्याचा कागद पुढे आला. पेन साहेबांच्या हातात होतं. पाहुण्याने सहज विचारलं की दुसरीकडे हा प्रयोग करताना काय काळजी घ्यावी.

त्याने विचारलं नसतं तर काय झालं असतं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण त्याने विचारलं, आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे तूस वाया जात नव्हतं. ते वीटभट्ट्यांत जळत होतं. आम्ही ते इकडे आणलं, भट्ट्या लाकडावर गेल्या. तेल वाचलं तसं जंगल जळलं, आणि ते ह्या आकड्यात नाही.

थोरले पार्टनर पाहुण्याकडे पाहून हसत राहिले आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने साहेबांना मराठीत म्हणाले, "अहो, भट्ट्या आपल्या क्लायंट आहेत का?"

"नाहीत. झाडंही नाहीत. पण ती आपल्यामुळे पडली."

पाहुण्याला हे फारच रोचक वाटलं. तो म्हणाला, अशी एखादी भट्टी बघता येईल का. साहेब चटकन म्हणाले, त्याची गरज नाही, मी अदमासे हिशेब करून देतो. थोरले पार्टनर म्हणाले, नाही, नाही, असेल तर दाखवाच. थोरल्या पार्टनरांच्या ड्रायव्हरला येताना हायवेवरून कासूजवळची भट्टी दिसली होती, धर्माशेठचीच. गाड्या तिथेच वळल्या. मी साहेबांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

शेतातून बूट, कोट, टाय आणि एक परदेशी माणूस चालत येताना धर्माशेठने पाहिला. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच समजला असता, की फॉरेस्टची धाड आली. आम्ही पोचेपर्यंत ओंडक्यांवर पेंढ्याची भली मोठी गंजी उभी होती आणि गडी माणसं तिच्यावर सावलीला बसावं तशी बसली होती. उन्हात.

थोरल्या पार्टनरांनी विचारलं, भट्टीत काय जाळता.

"तूस," धर्माशेठ म्हणाला.

"लाकूड नाही?"

"लाकूड? छ्या. लाकूड आमच्यात चालतच नाय. बापजाद्यापासून तूस. हितं तुसाला काय तोटा, सायब? लय पडलंय. कंपनी नेते तरी पडलंय. तुमाला पायजे तर तुमी पन न्या." मग त्याने साहेबांकडे बोट केलं. "ह्यांना इचारा. ह्यांनी सोता येऊन बघितलंय."

सगळे साहेबांकडे वळले. गंजीच्या बुडातून एका ओंडक्याचं टोक बाहेर आलं होतं. मला ते दिसत होतं. भट्टीचा धूर सरळ आमच्या तोंडावर येत होता आणि तो काय सांगतोय हे साहेबांना पानभर वाचून दाखवता आलं असतं. एक बोट त्या टोकाकडे केलं असतं तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, पाहुण्याने पाठ थोपटली असती, आणि बातमी फिरत फिरत फॉरेस्टच्या ऑफिसात गेली असती. बोट न करता नुसती मान हलवली असती तर आकडा खरा ठरला असता आणि त्याच्यामागून पार्टनरशिप आली असती. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. मी मनातल्या मनात त्यांची मान धरून हलवत होतो.

"मी भट्टीबद्दल बोललो ते मागे घेतो," साहेब म्हणाले. "माझा काहीतरी गैरसमज झाला."

थोरल्या पार्टनरांनी सुटकेचा श्वास सोडला. कागद आणि पेन तिथेच, विटांच्या थरावर ठेवलं.

"पण सही मी करणार नाही."

"का?"

"कारण नाही सांगता येणार."

हिशेब तपासणाऱ्याने असं म्हणणं म्हणजे वैद्याने नाडी धरून मला काही समजत नाही म्हणणं.  थोरले पार्टनर रागावले असते तरी बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. पाहुण्याने घड्याळ पाहिलं. गाड्या हायवेकडे गेल्या. आम्हाला बसा म्हणालं नाही कोणी.

पुढचं सांगून टाकतो. आकडा छापला गेला, पुरा, मुंबईतल्या कोणाच्या तरी सहीने, बॉयलरच्या रंगीत फोटोसकट. फर्मने नियम केला की हिशेब क्लायंटच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंतच धरावा. भिंतीपलीकडचा धूर कोणाचा, ते नियमात नव्हतं. साहेबांचं नाव यादीत त्या वर्षी आलं नाही आणि नंतरही आलं नाही. पेणची शाखा काही काळ चालली, मग मिटली. तेवढ्या काळात ते गिरण्या पालथ्या घालत फिरले आणि रोह्याच्या मॅनेजरच्या मागे लागून त्यांनी थोडंफार तूस भट्ट्यांकडे परत वळवलं. कितपत वळलं ते मला माहीत नाही. त्याचा आकडा त्यांनी काढला नाही.

पण त्या दुपारचं राहिलं. गाड्यांची धूळ खाली बसली तसा धर्माशेठ गडी माणसांना उठवून आमच्याकडे आला. लुंगी सोडून पुन्हा कसली. चेहरा असा, जणू ह्यानेच पोलिसांच्या तावडीतून कोणाला सोडवून आणलंय.

"काय सायब," तो म्हणाला, "तोंड भरून सांगितला का नाय? पयलं वाटलं फॉरेस्टवाले आले, मंग वलखलं, ह्ये तुमचे वरचे सायब. हितं तूस लय पडलंय बोललो. तुमीच कंपनीला सांगितल्यालं ना तसं? येक शबूद इकडचा तिकडं केला नाय. वाचवली का नाय तुमची नोकरी?"

साहेबांनी कोट काढला, विटांवर घडी करून ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले.

"वाचवलीत," ते म्हणाले. "फार उपकार झाले, धर्माशेठ."